नडीचा पैसा : जर्मन नगरपालिकांची युद्धकालीन नाणी वाचताना

जर्मन भाषेत 'नोटगेल्ट' असा एक शब्द आहे. त्यातल्या 'नोट'चा आपल्या कागदी नोटेशी काडीचाही संबंध नाही. 'गेल्ट' म्हणजे पैसा. 'नोट' म्हणजे काय, हे सांगताना मात्र मराठी माणूस अडखळतो. संकट म्हणावं तर ते फार भव्य होतं, टंचाई म्हणावी तर फार कोरडं. निकड, विपत्ती, ओढाताण हे सगळे शब्द थोडे थोडे लागू पडतात. इंग्रजी पुस्तकांतल्या 'इमर्जन्सी मनी'वरून 'आणीबाणीची नाणी' असं म्हणता येईल, पण आणीबाणी या शब्दाला १९७५नंतर आपल्या कानांत जो अर्थ चिकटला आहे तो इथे अगदी गैरलागू आहे. माझ्या मते मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे. 'अडीनडी'मधली 'नड'. नोटगेल्ट म्हणजे नडीचा पैसा.

हा शब्द मला पटतो त्याला आणखी एक कारण आहे. नड माणसाला लाचार करते, तशी ती त्याला सूटही देते. 'नडला म्हणून केलं' असं म्हटलं की पुढचे प्रश्न सहसा थांबतात. जर्मन 'नोट'चंही तसंच आहे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी चान्सेलर बेथमान होलवेग राइशस्टागमध्ये उभा राहिला तेव्हा जर्मन सैन्य तटस्थ बेल्जियममध्ये शिरलेलं होतं. हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, हे त्याने नाकारलं नाही. नडीला नियम ठाऊक नसतो, या अर्थाची एक जुनी जर्मन म्हण त्याने वापरली, आणि त्या म्हणीतला पहिला शब्द आहे 'नोट'. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, आर्थिक कायद्यांचा एक गठ्ठा मंजूर झाला. राइशबँकेच्या नोटेच्या बदल्यात सोनं देण्याचं बंधन त्याने काढून टाकलं आणि तारणावर कर्ज देणाऱ्या सरकारी पेढ्यांना कागदी चिठ्ठ्या काढण्याची मुभा दिली. बेल्जियमवरची स्वारी आणि पैशावरची स्वारी, दोन्ही एकाच शब्दाच्या आडोशाने एकाच दिवशी झाल्या. पुढची नऊ वर्षं हा शब्द हजारो तुकड्यांवर छापला गेला, ठोकला गेला. तो कुणाची नड सांगत होता आणि कुणाची झाकत होता, हे त्या तुकड्यांवरूनच वाचायचा प्रयत्न इथे केला आहे.

युद्ध जाहीर होताच लोकांनी सोन्याची आणि चांदीची नाणी घरात दडवली. यात नवल काहीच नाही. चांदीच्या एका मार्कात पाच ग्रॅम शुद्ध चांदी होती आणि कागदात कागद होता. पण यामुळे व्यवहाराची जी कोंडी झाली ती मोठ्या रकमांची नव्हती, चिल्लरीची होती. हातात शंभर मार्कांची नोट आहे आणि पाव विकत घेता येत नाही, कारण दुकानदाराकडे मोड नाही. कारखान्याला आठवड्याचा पगार वाटायचा आहे आणि सुटे नाहीत. पूर्व प्रशिया, पोझन, अल्सास अशा सीमेलगतच्या भागांत आणि वेस्टफालियात नगरपालिका, बचत बँका आणि कारखाने यांनी साध्या कागदावर रक्कम घालून, शिक्का मारून, सही करून चिठ्ठ्या दिल्या. सरकारने एक आणि दोन मार्कांच्या छोट्या नोटा काढल्या तशी ही पहिली लाट काही महिन्यांत ओसरली. दुसरी लाट १९१६च्या सुमारास आली. तिचं कारण वेगळं होतं आणि माझा विषय तीच आहे.

या दुसऱ्या लाटेचं कारण सगळी पुस्तकं एका शब्दात देतात : धातुटंचाई. मला हा शब्द खटकतो. टंचाई म्हटलं की पाऊस पडला नाही, विहीर आटली, असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, म्हणजे जिथे कुणाचा हात नाही असं. जर्मनीतलं तांबं आटलं नव्हतं. ते काडतुसांच्या पितळी नळ्यांत, तोफगोळ्यांच्या कंबरेला बसवायच्या पट्ट्यांत आणि विजेच्या तारांत जात होतं. निकेल चिलखती पोलादात जात होतं. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला होता हे खरंच, पण समुद्रमार्गाने येणाऱ्या धातूपैकी जे मिळेल ते कुठे घालायचं, हा निर्णय बर्लिनमध्ये माणसंच घेत होती. १९१६ साली 'डॉइचलांड' नावाची व्यापारी पाणबुडी ब्रिटिश नाकेबंदीखालून अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात गेली आणि परतताना रबर, कथील आणि ३०० टनांहून अधिक निकेल घेऊन आली. तिच्या कप्तानाचा देशभर जयजयकार झाला. युद्धापूर्वीचं दहा फेनिगचं नाणं चार ग्रॅमचं होतं, त्यात तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. म्हणजे नाण्यामागे एक ग्रॅम निकेल. त्या एका खेपेतल्या निकेलमधून दहा फेनिगची तीस कोटी नाणी पडली असती. अर्थात त्यासाठी पाणबुडी गेलेली नव्हती.

सरकारने १९१५पासून पाच फेनिगचं आणि पुढच्या वर्षापासून दहा फेनिगचं नाणं लोखंडात काढलं. एक फेनिग ॲल्युमिनियमचा झाला, १९१७पासून दहा फेनिग जस्तातही आला. १९१७मध्ये चर्चच्या घंटा उतरवून वितळवण्यात आल्या, ऑर्गनच्या कथलाच्या नळ्या गेल्या, स्वयंपाकघरांतली तांब्याची भांडी आणि दारांच्या पितळी मुठी गेल्या. नाणं हे या यादीत सगळ्यात शेवटी आठवणारी गोष्ट. घंटा गेली की गावाला ऐकू यायचं थांबतं. नाण्याची धातू बदलली की हाताला जाणवतं, पण त्याबद्दल कुणी शोकसभा घेत नाही.

इथे आपल्याकडे पाहणं अप्रस्तुत ठरणार नाही, कारण युद्ध तेच होतं. हिंदुस्थानातही चांदीचा रुपया घरोघरी दडला. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. अमेरिकेने १९१८मध्ये कायदा करून आपल्या तिजोरीतली जवळपास २० कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली, ती इथल्या रुपयांसाठी. आणि १९१८-१९मध्ये दोन आणे, चार आणे, आठ आणे ही नाणी चांदीऐवजी तांबं-निकेलमध्ये आली. जर्मनी ज्या वेळी नाण्यांतून निकेल काढून घेत होता त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात ते नाण्यांत येत होतं, कारण जगातल्या निकेलचा मोठा साठा कॅनडात, म्हणजे साम्राज्याच्याच कोठारात होता. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली आलेला भोकाचा पैसा मात्र बऱ्याच वाचकांनी आजीच्या डब्यात पाहिलेला असेल. धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक पाडलेलं ते नाणं, युद्धाने नाण्याला घेतलेला चावाच. पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. पुणे किंवा मुंबई नगरपालिकेने स्वतःच्या नावाचं नाणं पाडावं, हे आपल्याकडे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. जर्मनीत ते शेकडो गावांनी केलं.

कायद्याने तिथेही त्यांना तसा अधिकार नव्हता. जर्मन साम्राज्य १८७१ साली झालं आणि त्यानंतरच्या दोन वर्षांतल्या कायद्यांनी नाण्यांची व्यवस्था एक झाली. त्याआधी हॅम्बुर्ग, ब्रेमेन यांसारखी स्वतंत्र शहरं आपली नाणी पाडत होती. फ्रँकफुर्ट १८६६मध्ये प्रशियाने गिळलं तोवर तेही पाडत होतं. म्हणजे १९१७ साली एखाद्या शहराने आपलं बोधचिन्ह नाण्यावर घातलं तेव्हा एक अर्धशतकापूर्वी मिटवलेली गोष्ट परत वर आली होती. सरकारने डोळे मिटून घेतले. मोड पुरवणं त्याला जमत नव्हतं आणि मोडीशिवाय बाजार चालत नव्हता. नगरपालिकांनी नाणी पाडायला दिली ती टाकसाळींना नव्हे तर बिल्ले, पदकं आणि बटणं ठोकणाऱ्या खासगी कारखान्यांना. न्युरेम्बर्गच्या लाउअर कारखान्याचं नाव यात वारंवार येतं.

या नाण्यांचं रूप पाहण्यासारखं आहे, म्हणजे न पाहण्यासारखंच आहे. राखाडी जस्त, नाहीतर जस्ताचा पातळ मुलामा दिलेलं लोखंड. अनेक नाणी गोल नाहीत, अष्टकोनी आहेत, काही चौकोनी, काहींच्या कडा पाकळ्यांसारख्या. सरकारी नाण्याशी गफलत होऊ नये, अंधारातही बोटांना कळावं, हा त्यामागचा हेतू. एका बाजूला शहराचं नाव आणि बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला मोठा आकडा. चित्रकला जवळपास शून्य. आपल्या दमट हवेत ही नाणी सांभाळणं हा एक उपद्व्यापच आहे. पहिल्या पावसाळ्यात लोखंडावर तांबूस पुटकुळ्या येतात आणि जस्तावर पांढरी भुकटी. चांदीचा शिवकालीन तुकडा तीनशे वर्षं जमिनीत पडून टिकतो, हे बिचारं नाणं शंभर वर्षांत कोमेजतं. पण त्याला टिकायचं नव्हतंच. त्यावर बऱ्याचदा तसं लिहिलेलंही असतं. अमुक तारखेपर्यंत वैध, किंवा युद्ध संपल्यानंतर अमुक मुदतीत बदलून मिळेल.

त्यावरचा मजकूर हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. काहींवर 'क्रीग्सगेल्ट', म्हणजे युद्धाचा पैसा. काहींवर 'नोटगेल्ट'. आणि पुष्कळांवर जर्मन भाषेलाच शोभेल असा लांबलचक शब्द, 'क्लाइनगेल्डएर्झात्समार्क'. फोड केली तर : चिल्लरीऐवजी वापरायचा बिल्ला. नाणं स्वतःच सांगतं की मी नाणं नाही. जगातल्या बहुतेक नाण्यांचा स्वभाव याच्या अगदी उलट असतो. राजाचा मुखवटा, देवतेचं नाव, तलवार, सिंह, कमळ, सगळं एवढ्यासाठी की बघणाऱ्याने शंका घेऊ नये. इथे शंका नाण्यावरच कोरलेली आहे. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्याची ही पळवाट होती हे उघड आहे. बिल्ला म्हटलं की नाणी पाडल्याचा आरोप येत नाही. पण पळवाटेतूनही कधीकधी खरं बोललं जातं.

त्या शब्दातला 'एर्झात्स' तर त्या काळाची किल्लीच आहे. भाजलेलं बार्ली आणि ओकची फळं दळून केलेली कॉफी एर्झात्स होती. पावात बटाट्याचा भरणा होता, कापडात कागदाचं सूत होतं. १९१६-१७चा हिवाळा बटाट्याचं पीक गेल्यामुळे लोकांनी गुरांच्या खाद्यातला सलगमासारखा कंद खाऊन काढला आणि इतिहासात त्या हिवाळ्याला त्या कंदाचंच नाव आहे. खोटा पाव घ्यायला खोटं नाणं. पण पाव खाल्ल्यावर पोटाला फसवता येत नव्हतं. नाण्याचं तसं नव्हतं, ते गावाच्या वेशीच्या आत खऱ्यासारखंच चालत होतं. पाववाला ते घेत होता, कारण नगरपालिकेच्या खजिन्यात ते परत घेतलं जाईल याची त्याला खात्री होती, आणि नगरपालिका म्हणजे कोण हे त्याला ठाऊक होतं. बर्लिनवरचा विश्वास उडत असताना चार गल्ल्यांपलीकडच्या कचेरीवरचा विश्वास शाबूत होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पतपैशाची जी व्याख्या पानभर चालते, ती या दहा फेनिगच्या अष्टकोनी जस्तात मावलेली आहे.

युरोपात याला एक जुनी परंपरा आहे. १५७४ साली स्पॅनिश फौजांनी लायडन शहराला वेढा घातला तेव्हा शहरवासीयांनी चर्चमधल्या ग्रंथांचा कागद चिकटवून त्यावर ठसा मारून नाणी केली. वेढ्याच्या नाण्यांत एक प्रकारचा ताठा असतो. आम्ही आत आहोत, शत्रू बाहेर आहे, नाणं कागदाचं असलं तरी मान खाली नाही. १९१७च्या जर्मन नाण्यांत हा ताठा मला दिसत नाही. शत्रू वेशीवर नव्हता. धातू नेणारे हात आपल्याच सरकारचे होते.

युद्ध १९१८च्या नोव्हेंबरात संपलं, मोडीची अडचण संपली नाही, आणि नाणी बदलू लागली. बॉन शहराने १९२० साली लोखंडी नाण्यांवर बेथोवेनचा चेहरा घातला. त्याच्या जन्माला त्या वर्षी दीडशे वर्षं होत होती आणि तो बॉनचाच. नाणी १०, २५ आणि ५० फेनिगची. मला ही नाणी आवडतात. लोखंडासारख्या ओबडधोबड धातूत तो रागीट चेहरा शोभतोही. पण इथे एक रेघ ओलांडली गेली आहे. नाणं आता 'माझ्यावर तात्पुरता विश्वास ठेवा' म्हणत नाही, 'माझ्याकडे पाहा' म्हणतं.

पाहण्याची हौस माइसेनमध्ये शिगेला पोहोचली. सॅक्सनीतल्या या गावी युरोपातला पहिला चिनी मातीचा कारखाना १७१० साली निघाला. त्याआधीची कथा प्रसिद्ध आहे. योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाचा एक तरुण किमयागार सोनं बनवता येतं असा दावा करत फिरत होता, म्हणून राजा ऑगस्टसने त्याला कैदेत ठेवला. सोनं काही झालं नाही. त्याच्या भट्टीतून निघाली ती विटकरी-तपकिरी रंगाची दगडासारखी कठीण माती आणि मग पांढरी चिनी माती. १९२०-२१मध्ये त्याच कारखान्याने सॅक्सनी राज्यासाठी आणि अनेक शहरांसाठी नाणी केली, बहुतेक त्या तपकिरी ब्योटगर-मातीत, काही पांढऱ्या चिनी मातीत. रेखाटनं पाउल ब्योर्नर या कलावंताची. सोनं करायला बसवलेल्या माणसाने केलेली माती, दोनशे वर्षांनी सोनं नाहीसं झाल्यावर पैसा झाली. कादंबरीकाराने असं काही लिहिलं असतं तर आपण त्याला 'फार जुळवलंय' म्हणून नावं ठेवली असती.

ती नाणी सुंदर आहेत. हाताला गुळगुळीत, कोरीव काम नाजूक, कडेला कधीकधी सोनेरी रेघ. आणि ती जवळपास कुणी खर्च केली नाहीत. संग्राहकांनी ती परस्पर उचलली. गल्ल्यात आपटली की फुटणारं नाणं भाजी घ्यायला कोण वापरील? सुंदर झालं की नाणं थांबतं, हे माइसेनच्या नाण्यांवरून जेवढं स्पष्ट होतं तेवढं दुसऱ्या कशावरून होत नाही.

हाच प्रकार कागदावर शंभरपटीने झाला. १९२० ते १९२२ या काळात गावोगाव रंगीत चित्रांच्या नोटांच्या मालिका निघाल्या. दंतकथा, किल्ले, ल्यूथर, जत्रा, स्थानिक विनोद. सहा नोटा ओळीने लावल्या की एक गोष्ट पुरी होते. पुष्कळ मालिका वापरण्यासाठी नव्हत्याच. मुदत इतकी तोकडी ठेवलेली की नोट संग्राहकाच्या वहीत जाईपर्यंत ती उलटून जावी. जी नोट परत येत नाही तिची सगळी रक्कम नगरपालिकेच्या खिशात. नड संपली आणि धंदा सुरू झाला, शब्द मात्र तोच राहिला.

नोटगेल्टवर आज जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं या रंगीत मालिकांच्या प्रेमात पडून लिहिलेलं असतं. 'संकटकाळातही फुललेली लोककला' हे त्याचं ठरलेलं शीर्षक. माझा आक्षेप इथेच आहे. चित्रं चांगली नाहीत असं मी म्हणत नाही, काही तर फारच चांगली आहेत. बीलेफेल्डच्या बचत बँकेचा संचालक पाउल हांके याने आपल्या गावच्या कापडधंद्याला साजेशा रेशमी आणि सुती नोटा छापल्या. त्यांच्या समासांत त्या काळातली चीड, थट्टा आणि राजकारण इतकं दाटीने भरलं आहे की ते वर्तमानपत्रासारखं वाचावं लागतं. पण लोककला म्हटलं की आपण वाचायचं थांबवतो आणि नुसतं कौतुक करतो.

थांबलं नाही तर काय दिसतं? हामेलन गावच्या नोटांवर बासरीवाला आहे. गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्याने उंदीर नेले, गावाच्या कारभाऱ्यांनी ठरलेले पैसे दिले नाहीत, म्हणून त्याने मुलं नेली. म्हणजे ही नगरपालिकेने शब्द फिरवल्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट, आणि ती छापली आहे नगरपालिकेने दिलेल्या वचनचिठ्ठीवर. छापणाऱ्यांना हे जाणवलं असेल का, कुणास ठाऊक. त्यांना ते फक्त गावाचं भूषण वाटलं असावं. दुसऱ्या काही नोटांकडे पाहून मात्र हसू येत नाही. कुठे गमावलेल्या वसाहतींचा शोक आहे, आफ्रिकेतल्या मुलखावर आमचाच हक्क असं ठासून सांगितलं आहे. कुठे युद्धानंतरच्या तहाने नेलेल्या प्रदेशांची यादी आहे. आणि काही गावांच्या नोटांवर उघड ज्यूविरोधी चित्रं आहेत, नफेखोर म्हणून ज्यू माणसाचं विद्रूप व्यंगचित्र. हेही रंगीत आहे, हेही स्थानिक कलावंतांनीच काढलं आहे. लोककलेच्या कौतुकात या नोटा शेवटच्या पानावर ढकलल्या जातात किंवा वगळल्या जातात. पण पन्नास फेनिगच्या त्या कागदावर गावच्या कारभाऱ्यांच्या सह्या आहेत. तो कुणा एका माथेफिरूचा पत्रकवजा कागद नव्हता, ते गावाने आपल्या नावाने दिलेलं वचन होतं.

वॉल्टर बेंजामिनने १९२८च्या 'आइनबानश्ट्रासं' या छोट्या पुस्तकात सुचवलं होतं की बँकेच्या नोटांचं नीट वर्णन करायला हवं, कारण भांडवलशाही स्वतःला जितक्या गंभीरपणे घेते ते तिथे उघडं पडतं. तो बोलत होता देवता आणि बाळदूतांनी सजलेल्या सरकारी नोटांबद्दल. नगरपालिकांच्या पैशाला त्याचं म्हणणं लावलं तर एक पुरवणी जोडावी लागते. इथे गांभीर्य सर्वांत जास्त आहे ते जिथे चित्र नाही तिथे. १९१७च्या जस्ताच्या बिल्ल्यावर थट्टा करायला जागा नव्हती, आणि गरजही नव्हती.

१७ जुलै १९२२ रोजी सरकारने कायदा करून नोटगेल्टला आवर घातला. वर्षभरात तो कायदा हास्यास्पद ठरला. मार्क असा कोसळला की सरकारी छापखाने पुरेनात आणि गावं, रेल्वे, कारखाने सगळे पुन्हा छापू लागले, या वेळी लाखांत, कोटींत. १९२३च्या उन्हाळ्यात थुरिंगियाच्या राज्य बँकेने वायमारमधल्या बाउहाउस या कलाशाळेकडून नोटा करून घेतल्या. काम हर्बर्ट बायर या तेविशीतल्या विद्यार्थ्याने केलं. दहा लाख, वीस लाख मार्क. ना किल्ला, ना ल्यूथर, ना बासरीवाला. ठळक अक्षरं, मोठा आकडा, सपाट रंग. आधुनिक रेखाटनाच्या इतिहासात या नोटांचं कौतुक नवेपणासाठी होतं. माझ्या मते त्या नव्या नसून सहा वर्षांपूर्वीच्या अष्टकोनी बिल्ल्याकडे परत गेलेल्या आहेत. पुन्हा खरी नड होती, म्हणून पुन्हा खरं रूप आलं. हॅम्बुर्गने त्याच वर्षी ॲल्युमिनियमची छोटी नाणी काढली. त्यावर मार्क म्हटलेलं नाही, 'हिशोबाचा मार्क' म्हटलं आहे, कारण ती सोन्याच्या किमतीला बांधलेली होती आणि नुसत्या मार्कला काही अर्थ उरला नव्हता. ओल्डेनबुर्गने तर राय धान्याच्या किलोत मोजायची चिठ्ठी काढली होती.

त्या हेमंतातला एक तुकडा मला विसरता येत नाही. तो पैसा नाही, स्मृतिपदक आहे, पण नाण्याच्या वेषात. त्यावर जर्मन जनतेच्या यातनामार्गाचा उल्लेख आहे आणि खाली १ नोव्हेंबर १९२३चे भाव : एक पौंड पाव तीन अब्ज, एक पौंड मांस ३६ अब्ज, बिअरचा एक ग्लास चार अब्ज मार्क. त्याच पदकाच्या १५ नोव्हेंबरच्या आवृत्तीत पाव ८० अब्जांवर गेला आहे. दोन आठवड्यांत सव्वीसपटीहून अधिक. दहा फेनिगच्या नाण्यावर आकडा असतो, तसाच इथे आकडा आहे, फक्त तो नाण्याची किंमत सांगत नाही, भाकरीची सांगतो.

शेवटी वेस्टफालिया. या प्रांताच्या बँकेने १९२१पासून स्वतःची नाणी काढली, मार्कच्या घसरणीबरोबर त्यांचे आकडे चढत गेले. दहा हजार, अडीच लाख, पाच कोटी. रेखाटनं रुडॉल्फ बॉसेल्ट या शिल्पकाराची. एका बाजूला उसळणारा घोडा, ते प्रांताचं चिन्ह. दुसऱ्या बाजूला बॅरन फॉम श्टाइन, 'कठीण काळातला जर्मनीचा नेता' अशा शब्दांसह. नेता या अर्थी जो जर्मन शब्द तिथे कोरला आहे तोच दहा वर्षांनी एका माणसाची पदवी झाला, पण तो दोष ना श्टाइनचा ना बॉसेल्टचा. श्टाइन तिथे शोभतो तो वेगळ्याच कारणाने. १८०८ साली नेपोलियनने प्रशियाला नमवल्यावर त्यानेच शहरांना आपला कारभार आपण करण्याचा अधिकार देणारा कायदा आणला. जर्मन नगरपालिकेने स्वतःच्या सहीवर लोकांना वचन द्यावं ही सवय तिथून सुरू होते. म्हणजे नगरपालिकांच्या पैशाचा मूळपुरुषच नाण्यावर आला होता.

त्या मालिकेतलं शेवटचं नाणं ६० मिलिमीटर व्यासाचं आहे, लहान बशीएवढं. त्यावर लिहिलं आहे 'एक बिलियन मार्क'. जर्मन बिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. एकं-दहं-शतंच्या पाढ्यात ही जागा महापद्माची. शाळेत तो पाढा म्हणताना अब्जानंतरचे शब्द कशासाठी असा प्रश्न पडायचा. त्यावर वर्ष १९२३ आहे, पण ते लोकांच्या हाती आलं तेव्हा १५ नोव्हेंबरला आलेल्या रेंटेनमार्कने भाव स्थिरावले होते आणि ते आठवण म्हणून विकलं गेलं. नव्या दराने त्याची किंमत झाली एक रेंटेनमार्क, म्हणजे युद्धाआधीच्या, खिशातून सहज काढून द्यायच्या, चांदीच्या एका मार्काएवढी.